तांदळातला निळा ठिपका

माझा झील प्रीतम ठाण्याला सातव्या मजल्यावर बसून माझ्या घरातले दिवे विझवतो. असला मुलगा वैऱ्यालाही नको. मी न्हाणीघरात अंगाला साबण लावून उभी, आणि हा तिकडे ऑफिसात चहा पिता पिता गिझर बंद करणार. मी पोफळींना पाणी लावून पाटाच्या कडेला बसलेली, आणि पंप एकदम गप्प. फोन करावा तर म्हणतो, "आये, वीस मिन्टां झाली, टाकी भरली आसतली."

"अरे मेल्या, पाणी टाकीत नाय, पोफळींका चल्लां हा!"

"मगे तसां आदी सांगूचां."

माझ्या विहिरीचं पाणी माझ्या पोफळींना लावायचं, तर मी ठाण्याची परवानगी काढायची. ऐकलंत?

हे सगळं सुरू झालं दिवाळीत. प्रीतम आणि माझी सून रसिका आली ती पिशवीभर पांढरे डबे घेऊन. मुठीएवढा डबा. तो भिंतीतल्या सॉकेटात बसतो आणि त्याच्या पोटात आपली पिन बसते. डब्याला एक बारीक निळा ठिपका. ठिपका पेटला की चालू, विझला की बंद. मोबाईलवर बोट ठेवलं की काम झालं, मग बोट ठेवणारा शेजारच्या खोलीत असो नाहीतर दुबईत. स्मार्ट प्लग म्हणतात त्याला. मी डबेच म्हणते. सहा डबे बसवले आणि आम्हा तिघांच्याही मोबाईलवर घातले, पण त्यावर बोट ठेवायला मी कधी गेले नाही. पडवीतला दिवा, माजघरातला पंखा, गिझर, विहिरीचा पंप, टीव्ही आणि मिक्सर. मिक्सर कशाला ते विचारू नका. ठाण्याहून माझं खोबरं वाटणार होता बहुतेक.

आमचं घर मालवणातून कोळंबचा पूल ओलांडून आचऱ्याच्या रस्त्याला लागलं की दुसऱ्या उतारावर, डाव्या हाताच्या पाणंदीत. पाणंद अशी अरुंद की रिक्षा आत आली तर मागे मागे घेत बाहेर काढावी लागते. पाणंदीच्या टोकाला घर. पुढे खळं, मग पडवी, मग माजघर, मागे चूल आणि गॅस दोन्ही असलेलं स्वयंपाकघर. समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. चौऱ्याण्णव साली हे घर उभं राहिलं तेव्हा त्याचा अर्धा चिरा माझ्या डोक्यावरून आलेला आहे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. ते तिकिटं फाडत होते, मी घर बांधत होते.

तर डबे बसवून झाले, आणि जेवताना रसिकाने हळूच विषय काढला. "आई, आता तुम्ही किती वर्षं एकट्या राहणार? हे घर मोबाईलवर नीट चालायला लागलं ना, की मार्चपासून आपण ते पर्यटकांना देऊ. पुण्याची माणसं येतात, किल्ला बघतात, मासे खातात, जातात. तुम्ही आमच्याकडे या."

"आणि थंय मी काय बघू? समोरच्याच्या बाल्कनीतले टॉवेल?"

प्रीतम म्हणाला, "आये, तुका वाटता तुझ्याबिगर घर चलाचां नाय. पण चलतलां."

आता मी ताटावरून गप्प उठायला हवं होतं. पण माझी जीभ. मी म्हटलं, "शिमग्यापर्यंत घर माझ्याबिगर चलवून दाखव. चललां, तर मी आपली पेटी आपल्या हातान भरतलंय."

"शब्द?"

"शब्द."

रसिकाने लगेच मान खाली घातली, पण मला तिचं हसू दिसलं. त्या क्षणापासून माझं घर त्या सहा डब्यांवर पणाला लागलं, आणि लावणारी मीच.

दुसऱ्या दिवशी ती दोघं निघायच्या आधी मी गणपतला बोलावलं. गणपत आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. आमच्याकडे घरात नवीन काही आलं, पंप म्हणा, गाडी म्हणा, सून म्हणा, तर जागेवाल्याला सांगावं लागतं. जागेवाला म्हणजे जागेचा मूळ धनी. तुम्ही सातबारावर नाव चढवा नाहीतर चिरा वाहा, जागा आधी त्याची. त्याला न सांगता काही केलं तर तो रुसतो. प्रीतम कपाळाला हात लावून बघत होता, पण माझ्यापुढे बोलायची त्याची छाती नाही.

गणपतने नारळ हातात धरला. डबे कशाचे ते त्याला कळलं नव्हतं, पण म्हणून त्याचं तोंड अडत नाही. "बा देवा जागेवाल्या महाराजा! आज ह्या लेकरान घरात जी काय नवी वस्तू हाडलेली आसा, ती तुझ्या कानार घातलेली आसा, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही म्हटलं.

"ह्या घरात जां काय चालू होतलां आणि जां काय बंद होतलां, तां तुझ्या नजरेखाली होवंदे, तुझ्या हुकमान होवंदे, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

नारळ फुटल्यावर मी गणपतला बाजूला घेतलं. "नजरेखाली म्हणतत तां मी आयकलेलां आसा. ह्यां हुकमान कशाक घातलंस?"

गणपतने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "बोलण्याच्या भरात इलां, वैनी. गाऱ्हाणां काय कागदार लिवलेलां आसता?"

मी सोडून दिलं. मला त्या दिवशी दुसऱ्या शब्दाची काळजी होती, माझ्याच तोंडून गेलेल्या.

दीड महिना सगळं सुरुवातीला सांगितलं तसं चाललं. प्रीतम बंद करी, मी ओरडे. घर माझ्याशिवाय चालत नव्हतं, घर माझ्यासकट चालत नव्हतं, आणि मी मनातून खूश होते.

मग मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात पडवीतला दिवा लागला.

मी फोन लावला. "दिवसाचो दिवो कशाक लावतस रे?"

"आये, मी मीटिंगात आसंय. मी काय करूक नाय."

"मगे कोणी लावलो?"

"तुझोच हात लागलो आसतलो मोबाईलाक. ठेव आता."

फोन ठेवते तोवर पाणंदीत रिक्षा. माझी नणंद सुगंधा, मालवणच्या बाजारातून वाळकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी घेऊन, न कळवता आलेली. तिने पडवीत पाय ठेवला आणि दिवा विझला.

मी त्यात काही पाहिलं नाही. पण गुरुवारी परत दिवा, आणि दहा मिनिटांत गॅसवाला. शनिवारी दिवा, आणि देवळाच्या वर्गणीची माणसं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण मला लिहून ठेवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नाही. कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायला लागले. दिवा अकरा, सुगंधा अकरा दहा. दिवा साडेनऊ, पोस्टमन नऊ चाळीस. पौष संपेपर्यंत सतरा वेळा झालं, सतराही वेळा माणूस आलं. आणि दर वेळी त्याचा पाय पडवीत पडला की दिवा आपोआप बंद.

अठराव्या वेळी दिवा दहा वाजता लागला आणि सव्वादहाला मध्येच विझला. कोणी आलं नाही. मी म्हटलं, चला, यंत्रच ते, एकदा तरी चुकलं. संध्याकाळी सुगंधाचा फोन. "वैनी, सकाळी तुझ्याकडे येवक भायर पडलंय गो. पुलापर्यंत इलंय आणि आठावलां, कुकर गॅसार तसोच. मागे फिरलंय."

"किती वाजता मागे फिरलंस?"

"तां कोण बघता? सवादहा आसतले."

मी चौकटीत तेही लिहिलं.

तोवर बाकीचे डबेही सुधारले होते. गिझर मी उठायच्या आधी पाच मिनिटं लागे. एक दिवस मला ताप होता, आंघोळ करायची नव्हती, तर लागलाच नाही. पंप टाकीसाठी लावला तर टाकी भरल्याबरोबर थांबे, पोफळींना लावला तर शेवटच्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचलं की थांबे. खोबरं वाटताना फोन आला तर मिक्सर थांबून राही, फोन संपला की चालू. असं घरकाम माझ्या दोन्ही जावांनी मिळून कधी केलं नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या ह्यांचं काम असेल. ह्यांना जाऊन दहा वर्षं झाली. कुठला स्विच कशाचा हे त्यांना जिवंतपणी कधी कळलं नाही. पंखा लावायला जायचे आणि देव्हाऱ्यातला दिवा घालवायचे. मेल्यावर कुठून कळणार?

वाडीत बातमी पसरली. शेजारची जानकी रोज सकाळी कुंपणावरून डोकावायची. "आनंदीकाकी, दिवो लागलो काय गो आज? आमचे व्याही येवचे आसत म्हणतत. येतले तर कोंबो कापतंय, नायतर अंडी करतंय."

"गो, माझो दिवो माझ्या पाव्हण्यांचो. तुझे व्याही तुझे तू बघ."

पण मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? दिवा लागला की मी दोन मुठी तांदूळ जास्त टाकी. येणाऱ्याला वाटे, ही बाई जादूगार. दारात पाय ठेवतो तो ताट तयार.

मग माघातला तो बुधवार आला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दिवा लागला. मी भात वाढवला. बांगड्याचं तिखलं उकळत होतं, तिरफळांचा वास घरभर, त्यात आणखी दोन तुकडे सोडले. साडेअकरा झाले. बारा झाले. पाणंदीत कोणी नाही. काजूला नुकता मोहोर आलेला, त्यावर माश्या घोंघावत होत्या, आणि दुसरा काही आवाज नव्हता. दिवा जळत होता, म्हणजे माणूस मागे फिरलेलं नव्हतं.

साडेबाराला दिवा विझला.

मी स्वयंपाकघराच्या दारातून पडवीपर्यंत पाहिलं. पडवी रिकामी. खळ्यात ऊन. मी काही न कळता पदर डोक्यावर घेतला. सासरे बाहेरून आले की घेत असे, तसा. घेतल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

जेवण तयार होतं. तयार झालेलं जेवण झाकून ठेवायचं नाही ही माझी रीत. मी माजघरात एक ताट वाढलं, पाट ठेवला आणि माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसले. एक वाजता माजघरातला पंखा लागला. तीनपर्यंत चालू होता. तीनला बंद झाला.

मी आत गेले. ताटातलं सगळं होतं तसं होतं. एक शीत हललेलं नव्हतं. मी तिखलं बोटाने चाखलं. मीठ नाही, तिखट नाही, तिरफळाचा मागमूस नाही, नुसतं कोमट पाणी. माझ्या ताटातलं त्याच टोपातलं तिखलं जिभेला अजून झोंबत होतं. माझ्या हाताच्या जेवणाची अशी दशा कोणी कधी केलेली नाही.

पंख्याखाली मी लादीवर तळहात ठेवला. माघातली लादी गार असते. गारच होती. फक्त मधोमध, माणूसभर लांब आणि हातभर रुंद, ती ऊबदार होती. कोणी निजून उठल्यासारखी.

मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघांचं रांधायला लागले. खरं सांगायचं तर एकट्या बाईचं जेवण ते काय जेवण. भाजी करावी तर पाववाटी. आता मी परत मोठा टोप काढला. दुपारी माजघरात पंखा चाले, मी पडवीत वाती वळत बसे, आणि घरात माणूस असल्याचं बरं वाटे.

आणि इथेच घोटाळा झाला.

माघ संपताना प्रीतमचा फोन. आवाजात नुसती दिवाळी. "आये, मी तीन आठवडे ॲपात हात लावूक नाय! गिझर, पंप, सगळां टायमार. घर आपल्याआप चल्लां हा! जितलंय मी!"

"तू काय जितलंस? तू कायच केलंस नाय म्हणतस."

"तांच तर! कोणी कायच नाय केल्यान, तरी चल्लां. पुण्याची मंडळी नक्की झाली, शिमगो झालो की येतली. आमी फुडल्या शनिवारी येतंव. तू पेटी भर."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. घर माझ्याशिवाय चालतं हे त्याने दाखवलं नव्हतं. ते दुसऱ्याच कोणी दाखवलं होतं, माझं सुख बघून, मन लावून. आणि शब्द माझा गेला होता.

मी उठले. पडवीतला डबा सॉकेटातून उपटला, दिव्याची पिन त्यातून काढली आणि डबा तांदळाच्या पिंपात खोल खुपसला. वर झाकण, झाकणावर पाटा. म्हटलं, आता चालव घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतमचा फोन. "आये, पडवीतलो दिवो कशाक लावलंस? हंय चालू दिसता."

मी पडवीत पाहिलं. दिवा विझलेला, त्याची वायर खाली लोंबत होती. मी स्वयंपाकघरात गेले, पाटा उतरवला, झाकण काढलं.

वर आलेला होता. मी हात कोपरापर्यंत घालून खोल पुरलेला डबा तांदळाच्या वर येऊन बसला होता, आणि त्याचा निळा ठिपका पेटला होता. त्याला ना भिंत, ना वायर. बाहेर सुगंधाची रिक्षा थांबल्याचा आवाज आला. "वैनी, आसंस काय गो?" म्हणत ती पडवीत चढली, आणि ठिपका विझला.

सुगंधा चहा पिऊन गेल्यावर मी परत पिंपाजवळ गेले. कमरेवर हात ठेवले. मला देवाशी बोलायला कधी गणपत लागला नाही, मग ह्याच्याशी कशाला लागेल?

"आयक," मी म्हटलं. "तू कोण आसंस तां मी इचारणंय नाय. काम चांगलां करतस. पण तुझ्या ह्या शाणपणापायी माझां घर जाता, तां तुका कळता? घर आपल्याआप चलता म्हणान माका ठाण्याक न्हेतले. मगे हंय पुण्याची मंडळी येतली. ती तुका तिखलां घालतली? पिझ्झो खातलंस?"

निळा ठिपका एकदा पेटला आणि विझला. माझं ऐकून घेतल्यासारखा.

"मगे बघ काय करतस तां," मी म्हटलं, आणि झाकण लावलं.

त्या क्षणी माजघरातला पंखा थांबला. पंप थांबला. टीव्हीवर बाई बोलता बोलता गेली.

आठ दिवस एकही डबा हलला नाही. मी सगळं जुन्या बटणांवर आणि हातावर केलं. चुलीवर पाणी तापवलं, विहिरीतून कळशीने काढलं, पाट्यावर वाटलं. दोघांचं रांधत होते, पण माजघरातल्या ताटातल्या तिखल्याची चव आता शाबूत राही, आणि लादी गार. मी जिंकत होते. तरी दुपारी पडवीत बसवेना.

शनिवारी बाराच्या सुमाराला प्रीतम आणि रसिका आली. प्रीतमने पेटी कुठे आहे हे आधी पाहिलं. पेटी माळ्यावर होती.

"तुझां यंत्र आठ दिस बंद आसा," मी म्हटलं. "शब्द माझो नाय, तुझो गेलो."

"वायफाय गेलां आसतलां. दहा मिन्टात करतंय. शिमगो झालो की पुण्याची माणसां येवची आसत, आये, खेळ नाय ह्यो." त्याने तांदळातून डबा काढला, माझ्याकडे रागाने पाहिलं, फुंकर मारली आणि परत पडवीत बसवला. सगळे डबे काढले, लावले. मोबाईलवर बोट ठेवलं.

काही नाही.

परत ठेवलं. काही नाही. रसिकाने तिच्या मोबाईलवरून केलं. काही नाही.

"आई, तुमच्या मोबाईलवरून बघा."

मी पंख्यावर बोट ठेवलं. पंखा फिरायला लागला.

"आण हंय," म्हणत प्रीतमने माझा मोबाईल घेतला आणि त्याच पंख्यावर आपलं बोट ठेवलं. पंखा फिरत राहिला. मी ठेवलं. बंद झाला.

त्याचं तोंड उतरलं. मला खरं तर हसू येत होतं. तो जमिनीवर मांडी घालून ॲप उघडून बसला, खाली खाली जात राहिला, आणि मग त्याचं बोट थांबलं.

"आये, तू ह्यात कोणाक घेतलंस?"

"माका ह्यां काय कळता? कोणाक घेवू?"

"घरातली माणसां दाखवता ह्यात. तीन होती, मी घातलेली. आता चार आसत." त्याने मोबाईल जवळ धरला. "चौथ्याचां नाव नाय. जागा मोकळी. पण पुढे लिवलां हा. ओनर."

"म्हणजे?"

"मालक." त्याने तीच ओळ परत वाचली. "ओनर मी होतंय."

"कधी घेतलाय त्याला? तारीख असते बघ," रसिका म्हणाली.

"आसा. नुसती शून्यां आसत."

बाहेर जानकीच्या कोंबड्या ओरडत होत्या. ऊन खळ्यात पांढरं पडलं होतं. प्रीतमने त्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरलं.

"काय करतस?" मी विचारलं.

"काढून टाकतंय."

मोबाईलवर काही अक्षरं आली. त्याने ती वाचली. "ओनरची परवानगी मागितली आहे म्हणता. थांबा म्हणता."

आम्ही थांबलो.

पंखा बंद होता. तरी माझ्या कानाजवळचे केस हलले.

टुंग असा आवाज झाला.

प्रीतमने वाचलं. रसिकाने त्याच्या हातातून मोबाईल घेतला. "यात पाहुण्यांना घर कधीपर्यंत द्यायचं ते घालता येतं, पुण्याच्या लोकांसाठी आम्ही..." ती थांबली. "पुण्याची नावं गेली सगळी. इथे प्रीतम आहे. पाहुणा. उद्या सकाळी अकरा वाजेपर्यंत." तिने खाली पाहिलं. "मी पण. पाहुणी. अकरापर्यंत."

"आणि मी?"

तिने बोटाने खाली सरकवलं.

"तुमच्यापुढे वेळ नाही, आई. तारीख नाही. कायम लिहिलंय."

"वाचून दाखव परत."

"कायम."

प्रीतमने माझा हात धरला. लहानपणी जत्रेत गर्दीला भ्यायचा तेव्हा धरायचा, तसा. "आये, चल. पेटी नको, काय नको. आत्ताच्या आत्ता चल आमच्यावांगडा."

मला बरं वाटलं होतं. खोटं बोलणार नाही. एवढ्या वर्षांत कोणी मला असं लिहून दिलं नव्हतं. फक्त एक गोष्ट मनात आली. माझं वय एकाहत्तर, आणि कायम म्हणजे किती, हे विचारावं. तोंड उघडलंही होतं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

मी त्याचा हात सोडवला आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

"झिला," मी म्हटलं, "तू माझो आसंस, पण ह्या घरात तू पाव्हणो. आज पोटभर जेव, बरो निज, पण माजघरात पंख्याखाली आडवो पडू नको, ती जागा मोकळी नाय. आणि उद्या अकराच्या आदी भायर पड. सवाअकरा करू नको. आमका चलाचां नाय."